चाल कोणाची?

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस विषय दिला तो ‘आमचे आवडते संगीतकार’ हा. ज्याची तीस वर्षे जिनिंग-कामगार आणि हमाल यांच्या संघटनेत गेली, त्यास किमान वेतनावर बोलावयास सांगावे, भविष्यनिर्वाह निधीवर सांगावे. गाण्यावर बोल म्हणणे म्हणजे हमालाच्या पाठीवर पोत्याऐवजी तंबोरा देण्यासारखे झाले. तरी आम्ही होकार दिला. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि रेडिओपुढे. तेव्हा गाणे ऐकले आहे भरपूर, समजले किती हे श्रोत्यांनी ठरवावे.

तयारी म्हणून आम्ही आधी गावात चौकशी केली. सोनाळ्याच्या बसस्टँडवरील हॉटेलात, सोनाजी महाराजांच्या मंदिरातील भजनकऱ्यांत, दोघा निवृत्त मास्तरांपाशी, सर्वांस एकच प्रश्न विचारला : तुमचा आवडता संगीतकार कोण? उत्तरे भराभर आली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, भीमसेन जोशी, लताबाई. आणि वसंतराव देशपांडे तर आपल्या मूर्तिजापुरास जन्मलेले, म्हणून त्यांचे नाव जरा अधिक ठसक्यात. आम्ही म्हटले, अहो, हे सारे गाणारे झाले. ते जे गातात ती चाल कोणी केली? हॉटेलात शांतता पसरली. एक मास्तर म्हणाले, “गंधर्वांची चाल गंधर्वांचीच असणार!” दुसऱ्यांनी थोडा विचार करून सांगितले, “जुनीच असेल कुठली तरी.”

हे दुसरे उत्तर ऐकून आम्ही दचकलो. कापसाच्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती जी हिशेबपट्टी पडते तिच्यावर शेतकऱ्याचे नाव असते, अडत्याचे असते, खरेदीदाराचे असते. ज्याने माल उचलला त्याच्या जागी फक्त ‘हमाली’ असा शब्द आणि पुढे रुपये. उचलणारा कोण, तर असेल कोणी तरी. गाण्याच्या पट्टीवरही असेच काही झाले आहे काय, हे पाहावे असे आमच्या मनाने घेतले, आणि विषय आमचा झाला.

युरोपात हा प्रश्न सोपा आहे असे आपण समजतो. तिकडे माणूस सरळ सांगतो, मला बाख आवडतो, मला बेथोव्हन आवडतो. तेथे रचना कागदावर उतरते, कागदावर रचणाऱ्याचे नाव असते, आणि वाजविणारे येतात व जातात. परंतु नाव असले म्हणजे मालकी असते असे नव्हे. जोसेफ हायडन हा थोर रचनाकार १७६१ साली एस्टरहाझी नावाच्या हंगेरियन सरदार घराण्याकडे नोकरीस राहिला. त्याचे करारपत्र आजही वाचावयास मिळते, आणि आमच्यासारख्याने ते वाचले की हात आपोआप मागणीपत्र लिहू लागतो. अंगावर घराण्याचा गणवेश घालावा. रोज हजर राहून धन्याची काय आज्ञा आहे ते विचारावे. जे रचले ते दुसऱ्या कोणास देऊ नये, आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचू नये! पुढे १७७९ साली नवा करार झाला तेव्हा ही शेवटची अट गेली आणि हायडनला आपल्या रचना प्रकाशकांस विकता येऊ लागल्या. एक अट जाण्यास अठरा वर्षे लागली. ज्यांनी करारमदार केले आहेत त्यांस हा आकडा फार मोठा वाटणार नाही.

आपल्याकडे दिल्लीस ह्याच सुमाराच्या जरा आधी, महंमदशहाच्या दरबारी (तो गादीवर होता १७१९ ते १७४८), नियामत खाँ नावाचे बीनकार होते. त्यांनी ख्यालाच्या बंदिशी रचल्या आणि त्यांत आपले टोपणनाव घातले, ‘सदारंग’. पण पुष्कळ बंदिशींत ह्या नावाच्या शेजारी बादशहाचेही नाव आहे, ‘महंमदशा रंगीले’. कारखान्याच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली कारागिराचेही नाव यावे तसे हे दिसते. आम्हांस ह्यात बादशहाची खुशामत दिसत नाही असे नाही. पण अधिक दिसते ती सदारंगांची हुशारी. बादशाही गेली, बंदीश राहिली, आणि आज तीनशे वर्षांनी गवई महंमदशहाचे नाव घेतो ते त्याच्या नोकराच्या कृपेने.

बंदिशीत नाव गुंफण्याच्या ह्या रीतीला मुद्रा म्हणतात. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ होते, कोल्हापूरचे अल्लादिया खाँ ‘अहमदपिया’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजन’. भजनकरी मंडळींस ही रीत नवी वाटू नये. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे, ही मुद्राच आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही आपल्या भजनात ‘तुकड्या’ ही मुद्रा सोडली नाही. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अभंगातली मुद्रा शब्दांची आहे. आपण एकादशीला जो अभंग ज्या चालीत म्हणतो ती चाल कोणाची, ह्याची मुद्रा कोठेच नाही. शब्द करणाऱ्याने आपले नाव शब्दांतच ठेवले. चाल करणाऱ्याने ते ठेवावे कोठे? स्वरांत नाव लिहिता येत नाही.

घराण्यांत तर नाव दूरच, चीजच लपविली जात असे. ज्याच्या पोटाला तीच शिदोरी, तो ती वाटेवर सोडीत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण त्यामुळे किती चिजा गळ्याबरोबर मातीत गेल्या! वकिली सोडून गाण्यामागे लागलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे ह्या गोष्टीने अस्वस्थ झाले. ते गावोगाव हिंडले, खाँसाहेबांची मनधरणी केली, जयपूर-रामपूरकडून चिजा मिळविल्या, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी स्वरलिपीसह मराठीतून छापून टाकल्या. हिंदुस्थानी गाण्याचे एवढे मोठे भांडार आधी मराठीत उघडले, ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा. गवयांपैकी काहींस त्यांचा राग आला असेल तर तोही समजण्यासारखा आहे. त्यांची गुप्त मजुरी चव्हाट्यावर आली. आम्ही भातखंड्यांना आवडत्या संगीतकारांत घालीत नाही, जरी त्यांनी ‘चतुर’ ह्या नावाने रचनाही केल्या. त्यांची जागा निराळी आहे. ते हजेरीपट लिहिणारे होते, आणि हजेरीपट नसेल तर कोणाची मजुरी सिद्ध होत नाही.

आता नाटकाकडे येऊ. संगीतकार निवडण्याचा प्रश्न मराठी माणसापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो नाटकामुळे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. शंभराहून अधिक पदे! ह्या चाली अण्णासाहेबांनी आणल्या कोठून? तर साकी, दिंडी, ओवी ह्या कीर्तनातल्या आणि घरातल्या; काही लावणीच्या; काही कर्नाटकातल्या, कारण ते स्वतः बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. जुन्या नाटकांची पुस्तके वाचनालयात पाहा. प्रत्येक पदाच्या माथ्यावर लहान अक्षरांत ‘चाल’ असे छापून पुढे कोणत्या तरी आधीच्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. म्हणजे हे पद त्या गाण्यासारखे म्हणावे. आम्हांस ही लहान अक्षरे फार आवडतात. उसने घेतल्याची ती उघड पावती आहे. मात्र पावतीवर गाण्याचे नाव आहे, करणाऱ्याचे नाही.

मराठीत चालीला तीन क्रियापदे लागतात : चाल देणे, चाल लावणे, चाल बांधणे. देणारा आपल्या साठ्यातली देतो. लावणारा असलेली चाल नव्या शब्दांना बसवितो. बांधणारा नवी उभारतो. बोलताना आपण ही तिन्ही सरमिसळ वापरतो ते सोडा, पण संगीतकाराची पारख करताना ती वेगळी ठेवलेली बरी.

चाली देणारा म्हणून स्वतंत्र नाव झाले ते गोविंदराव टेंब्यांपासून, असे सामान्यतः मानतात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. गोविंदराव पेटीवाले, अल्लादिया खाँसाहेबांच्या साथीस बसलेले. मैफलीत कानांवर पडलेले सारे त्यांनी नाटकात ओतले आणि मराठी प्रेक्षक तृप्त झाला. पुढे १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटात संगीत त्यांचे आणि राजाची भूमिकाही त्यांचीच. चतुरस्र माणूस. आम्ही त्यांना मानतो. पण मनापासून सांगावयाचे तर ‘मानापमाना’तली काही पदे आम्हांस दुकानाच्या दर्शनी काचेसारखी वाटतात. झगमगाट खरा, पण बोलणारे पात्र मागे राहते.

भास्करबुवा बखल्यांचे तसे नाही. त्यांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर गावी. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत बालनट होते. आवाज फुटला तशी ती वाट बंद झाली. मग बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि शेवटी अल्लादिया खाँ, असे तीन उस्ताद त्यांनी केले. तीन धन्यांकडे उमेदवारी केलेला कारागीर कसा असतो हे कारखान्यातल्या माणसास सांगावयास नको. त्यांनी १९११ साली पुण्यास भारत गायन समाज काढला. १० डिसेंबर १९१६ रोजी ‘स्वयंवर’ आले, आणि रुक्मिणी झालेल्या बालगंधर्वांच्या तोंडून यमन, भूप, भीमपलास हे राग ज्यांना रागांची नावेही ठाऊक नव्हती अशांच्या घरांत शिरले. ह्या पदांतल्या पुष्कळांच्या मुळाशी ख्यालाच्या जुन्या बंदिशी आहेत. मग भास्करबुवांनी बांधले ते काय? हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. आमचे उत्तर असे की गवंडी विटा भाजीत नाही. कोणत्या बायकोच्या, कोणत्या बहिणीच्या, कोणत्या क्षणी कोणती वीट लागेल हे ज्याला कळते, आणि खाडिलकरांच्या खडबडीत अक्षरांवरून ज्याचा सूर अडखळत नाही, त्यास आम्ही रचनाकार म्हणतो. ८ एप्रिल १९२२ रोजी ते वारले. श्रेय बव्हंशी बालगंधर्वांच्या नावावर जमा झाले, आणि आमच्या मास्तरांचे ते उत्तर तयार झाले.

रामकृष्णबुवा वझ्यांचा उल्लेख वऱ्हाडात केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे, कारण १९२७ सालचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचे, गाणारे दीनानाथ, आणि चाली वझेबुवांच्या. गाणे शिकण्यासाठी बुवांनी पोरवयात घर सोडून उपासतापास काढले. त्यांच्या चालीत ती चिकाटी आणि तो तिखटपणा दोन्ही आहेत. सभेला माणसे जमवावयाची असतील तर आम्ही आजही दीनानाथांची ती पदे भोंग्यावर लावतो.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८ ते १९७४) हे भास्करबुवांचे शिष्य. ‘कान्होपात्रा’, ‘कुलवधू’, प्रभातचे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’; सांगावे तेवढे थोडे. ‘वंदे मातरम्’ हे समूहाने गाता येते हे घटना समितीच्या सभासदांना पटवून देण्यासाठी ह्या गृहस्थाने जिवाचे रान केले. आणि १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेला स्वर दिले तेही ह्यांनीच. आळंदीस जन्मलेल्या माणसाने नाटक, बोलपट, राष्ट्रगीत आणि त्रिशरण ह्या चारही ठिकाणी आपला गळा कामास लावला. आमच्या वस्तीत बुद्धवंदना रोज होते. ती कोणाच्या स्वरात, हे आम्ही विचारले तेव्हा तेथेही कोणास सांगता आले नाही.

परंतु एकच नाव घ्या म्हणाल तर आम्ही केशवराव भोळ्यांचे घेऊ. ते १८९६ साली अमरावतीस जन्मले, म्हणजे आपल्यातले. पण कारण ते नव्हे. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात त्यांनी मोजकीच पदे ठेवली आणि ती पात्राच्या बोलण्यातून उगवल्यासारखी ठेवली. वन्समोअरसाठी नाटक थांबविण्याचा काळ त्यांना नको होता. १९३७ सालच्या ‘कुंकू’ बोलपटात पार्श्वसंगीताची वाद्ये त्यांनी जवळजवळ वर्ज्यच केली, आणि घरात, रस्त्यावर जे आवाज असतात त्यांवर काम भागविले. संगीतकाराने संगीत न घालणे म्हणजे हमालाने ओझे खाली ठेवण्याचा सल्ला देणे होय. हा प्रामाणिकपणा विरळा. आणि १९३६ सालचा ‘संत तुकाराम’! त्यात शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिलेले एक गीत आहे. शब्द आणि चाल अशी काही एकजीव झाली की तो तुकोबांचाच अभंग असे समजून लोक तो गाथेत शोधू लागले. तो बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, पण आम्हांस त्याहून मोठा गौरव हा गाथेतल्या शोधाचा वाटतो. करणारा इतका नाहीसा झाला की त्याचे काम परंपरेच्या नावावर चढले.

येथे आमच्या मनात एक पेच पडतो आणि तो लपविण्यात अर्थ नाही. नाव नसणे हा अन्याय, असे म्हणत आम्ही इथवर आलो. आणि सर्वांत आवडला तो ज्याचे नाव पुसले गेले असा माणूस. फरक एवढाच की भोळ्यांनी आपणहून मागे सरकण्याचे ठरविले, आणि त्यांचे नाव बोलपटाच्या पाटीवर होते. ज्याचे नाव पाटीवर आहे त्याने मागे सरकावे ही नम्रता. ज्याचे नव्हतेच, त्याने कोठून सरकावे?

अलीकडच्यांत जितेंद्र अभिषेकी (१९२९ ते १९९८) ह्यांनी ‘मत्स्यगंधा’पासून पदाचा आवाका आटोपशीर केला. त्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’विषयी दोन शब्द बोलतो, कारण नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि साल १९६७. त्याची गोष्टच मुळी अशी की एका घराण्याची विद्या दुसऱ्यास मिळू नये. अभिषेकींना दोन घराण्यांच्या दोन तऱ्हा एकाच नाटकात बांधावयाच्या होत्या, आणि श्रोत्याला डोळे मिटून कळावे की हे गाणे कोणत्या घरचे. ते कळते. वसंतरावांनी खाँसाहेब उभा केला हे सर्वांस पाठ आहे. वसंतरावांच्या गळ्यास उतरेल असा माल पुरविणाराही कोणी होता, एवढेच आमचे म्हणणे.

कायद्याचे थोडे सांगतो, मग संपवितो. १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या अशी होती की ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने कागदावर चिन्हांत उतरविलेली असावी. म्हणजे जी चाल गळ्यात आहे पण कागदावर नाही, ती कायद्याच्या लेखी कृतीच नव्हे! ज्या देशात सारे गाणे गळ्यातून गळ्यात जाते त्या देशाचा हा कायदा. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. रचणाऱ्याने स्वरलिपी लिहिली असो वा नसो, तो रचनाकारच असे ठरले. पुढे २०१२ साली आणखी दुरुस्ती होऊन बोलपटातल्या गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कराराने काढून घेता येऊ नये अशी तजवीज झाली. ह्यासाठी भांडणारे लोक गाणी करणाऱ्यांतलेच होते. मोर्चा आमचा असता तर कदाचित घोषणा जरा बऱ्या झाल्या असत्या.

ज्या १९९४ साली हा कायदा सुधारला त्याच हंगामात एका जिनिंगमध्ये आमचा संप चालू होता. रेच्यावर काम करणारा एक गृहस्थ भजनात खंजिरी फार सुरेख वाजवी. आम्ही त्या वेळी पंचविशीच्या आतले, शब्द जुळविण्याची हौस. संपाचे एक गाणे लिहिले, आणि त्याने फाटकापाशी बसल्या बसल्या त्याला चाल लावली. ते गाणे संपानंतरही राहिले. पाचसहा तालुक्यांत गेले. पत्रके छापली, त्यांवर ‘गीत’ म्हणून आमचे नाव. चालीच्या जागी ‘भजनी’. तो गृहस्थ वारल्यावर कित्येक वर्षांनी त्याचा मुलगा संघटनेत आला. जुने पत्रक हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिले आणि विचारले, “भाऊ, यात माह्या बाचं नाव कुठी हाये?”

आम्ही हिशेबपट्टीवर तीस वर्षे भाषणे केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. नवे पत्रक काढतो, चाल म्हणून तुमच्या धन्याचे नाव घालतो, असे त्याच्या आईला सांगितले. ती सूप हातातले बाजूला ठेवून म्हणाली, “त्याहीचं नाव घाला, पन चाल त्याहीची नाही. माही सासू दयताना जी ओवी म्हने तिची हाये थे. त्याहीनं खंजिरी लावली.” सासूबाईंनी कोणाकडून घेतली हे तिला ठाऊक नव्हते.

नव्या पत्रकावर आता गीताखाली दोन ओळी आहेत. एका ओळीत त्या गृहस्थाचे नाव आणि पुढे ‘चाल लावली’. तिच्याखाली त्यांच्या आईचे नाव आणि पुढे ‘जात्यावरील ओवीवरून’. ही दोन्ही नावे ह्या पुस्तकात आम्ही छापीत नाही. मुलाने सांगितले, “आधी गाण्याच्या कागदावर येऊ द्या भाऊ, मंग भाषनात.” पत्रके छापखान्यातून पुढल्या आठवड्यात यावयाची आहेत.